सरांचं तुलनेचं घर

उभ्या पनवेल तालुक्यात टीव्हीविषयी सर्वांत जास्त बोलणारे आणि टीव्ही सर्वांत कमी पाहिलेले गृहस्थ एकच होते, आणि त्यांचा प्रबंध टाइप करायचं काम माझ्या नशिबी आलं होतं. एकदा नाही, दहा वेळा. नवीन पनवेलमध्ये आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं टायपिंगचं दुकान होतं. दोन हजार सालच्या सुमारास मी दोन जुने टाइपरायटर काढून एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर घेतला, आणि प्रिंटरची शाई वाळायच्या आत सर दारात उभे राहिले. ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. हातात फाइल होती, फाइलवर लाल अक्षरांत विषय होता: ‘दूरचित्रवाणी मालिकांचा पनवेल तालुक्यातील कुटुंबजीवनावर होणारा परिणाम: एक चिकित्सक अभ्यास.’ “फार काम नाही,” सर म्हणाले. “दिवाळीपर्यंत देऊन टाकू.” कुठल्या दिवाळीपर्यंत, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पुढच्या दहा वर्षांत फ्लॉपी गेली, सीडी आली, सीडी गेली, पेनड्राइव्ह आला. फॉन्ट बदलला की प्रबंधातल्या सगळ्या जोडाक्षरांचे किडे व्हायचे आणि मी ते निवडत बसायचे. सरांचे दोन मार्गदर्शक एकामागून एक निवृत्त झाले. सर मात्र दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन यायचे आणि म्हणायचे, “आता फक्त सातवं प्रकरण.”

सरांच्या दारावरची पाटी आमच्या इमारतीत प्रसिद्ध होती. घराचा ताबा मिळाला तेव्हाच त्यांनी ती रंगवून घेतली होती, आणि ‘प्रा.’ आणि नाव यांच्या मध्ये दोन बोटं जागा मोकळी सोडायला लावली होती. तिथे ‘डॉ.’ बसायचं होतं. पोस्टमन नवा आला की विचारायचा, “साहेब, पाटीवरचं एक अक्षर पडलंय का?” सर शांतपणे सांगायचे, “पडलेलं नाही. यायचंय.” वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, रोज सकाळी ती पाटी पुसायच्या आणि मोकळ्या जागेवरून फडकं जरा जास्तच जोरानं फिरवायच्या. स्वभावानं गोड बाई, पण जिभेला धार. “आमची सप्तपदी भटजींनी पाच मिनिटांत उरकली,” त्या मला एकदा म्हणाल्या, “आणि ह्यांचं सातवं प्रकरण काही पुरं होत नाही.” सरांनी सुरुवातीला वहिनींचंच निरीक्षण करायचा घाट घातला होता. तिसऱ्या दिवशी वहिनींनी वही काढून घेतली, तिच्यावर दुधाचा हिशेब लिहिला आणि बजावलं, “मी तुमची बायको आहे, नमुना नाही.” त्या दिवसापासून घरातला टीव्ही बाहेरच्या खोलीत वहिनींचा आणि आतली खोली सरांची, अशी वाटणी झाली.

सरांची संशोधनाची पद्धत त्यांची स्वतःची होती. त्यांचं म्हणणं असं, की टीव्ही बघायला सगळा देश बसलाच आहे, बघणाऱ्यांकडे बघायला कुणी नको का? म्हणून निवडलेल्या घरी ते मालिकेच्या वेळेला स्कूटरवरून जायचे, आपलं घडीचं स्टूल टीव्हीच्या बरोब्बर पुढ्यात मांडायचे, टीव्हीकडे पाठ आणि घरच्यांकडे तोंड करून बसायचे. मांडीवर वही, वहीत रकाने: हसू, उसासा, हुंदका, शेरा, उठून जाणे. “मी इथे नाहीच असं समजा,” असं ते प्रेमानं सांगायचे. आता जवळजवळ सहा फूट उंचीचा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला माणूस दोन हातांवरून आपल्या डोळ्यांत रोखून बघतोय, आणि तो नाहीच असं कसं समजायचं? आमच्याच सेक्टरातल्या पहिल्या घरी, बोकिलांकडे, ते गेले तेव्हा सासूबाई ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या, सासरे संध्याकाळी दुसऱ्यांदा दाढी करून बसले होते आणि सुनेनं शिरा केला होता. एरवी रिमोटवरून एकमेकांचा उद्धार करणारी ती माणसं तासभर ‘तुम्हीच बघा, आई’, ‘नको गं, तूच बघ’ असं करत होती. सरांनी वहीत लिहिलं: ‘मालिकेमुळे कौटुंबिक सौहार्दात लक्षणीय वाढ.’

मी आपली मुकाट्यानं टाइप करायचे. पण चौथ्या प्रकरणात एके ठिकाणी माझी बोटं थांबली. लिहिलं होतं: ‘मालिका पाहताना प्रेक्षकांमध्ये एका बाजूस झुकण्याची प्रवृत्ती सर्व घरांत आढळते. प्रसंग जितका भावनिक, तितके झुकणे अधिक.’ यावर पाच पानं होती, आणि शेवटी झुकण्याचा संबंध कुटुंबातल्या असुरक्षिततेशी जोडला होता. सर आले तेव्हा मी विचारलं, “सर, तुम्ही नेमके बसता कुठे?”

“टीव्हीसमोर.”

“आणि तुमच्या पाठीमागे काय असतं?”

“टीव्ही.”

“मग माणसं झुकतील नाही तर काय करतील, सर?”

सरांनी हातातली फाइल टेबलावर ठेवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, “ती पाच पानं काढून टाका.” दारापर्यंत गेले आणि परत फिरले. “काढू नका. राहू द्या, आणि खाली तळटीप टाका, की हे संशोधकाच्या डोक्यामुळे घडलं असावं.” ही तळटीप मी माझ्या हातांनी टाइप केली आहे. प्रबंधात ती अजून आहे.

या अशा बसण्यामुळे सरांना एक विलक्षण विद्या मात्र प्राप्त झाली होती. ते मालिका चेहऱ्यांवरून वाचायचे. कुठल्याही मालिकेतलं एकही माणूस त्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण कोण कुणाच्या मुळावर उठलंय, कुणाचा घटस्फोट होणार, हे त्यांना मालिकेवाल्यांच्या आधी कळायचं. “आज कुणीतरी मेलेलं परत आलं,” ते सकाळी दुकानात सांगायचे. “बोकिलांच्या आजींच्या दोन्ही भुवया वर गेल्या. एक भुवई म्हणजे नुसता संशय. दोन म्हणजे मेलेलं माणूस.” आणि दुपारी वहिनी खाली आल्या की तेच सांगायच्या, की अगं काल ती जिवंत निघाली. त्या वर्षांत लोडशेडिंग फार होतं. ऐन मालिकेत दिवे जायचे, घरोघर हाय हाय व्हायची आणि सर मात्र खूश व्हायचे. मेणबत्ती येईपर्यंत घरात कोण काय बोलतं, ते बॅटरीच्या उजेडात लिहून घ्यायचे. त्यांचं ठाम मत होतं, की मराठी कुटुंबं एकमेकांशी बोलतात ती फक्त जाहिरातीत आणि अंधारात.

खरं संकट पुढेच होतं. तिसरे मार्गदर्शक आले, तरुण आणि कडक. त्यांनी सहा प्रकरणं चाळली आणि एकच प्रश्न विचारला: “टीव्ही असलेल्या घरांत असं घडतं, हे ठीक. पण टीव्ही नसलेल्या घरात हे घडत नाही, हे कशावरून?” तुलनेसाठी टीव्ही नसलेलं घर हवं, आणि तिथे निदान तीन-चार वर्षांचं नियमित निरीक्षण हवं. सर त्याला ‘नियंत्रित गट’ म्हणायचे, मी ‘तुलनेचं घर’ म्हणायचे. आता तोवर तालुक्यात टीव्ही नसलेलं घर मिळणं म्हणजे कळंबोलीत ट्रक नसलेला रस्ता मिळण्यासारखं होतं. सरांनी पनवेल पालथं घातलं. एका घरी टीव्ही नव्हता, पण तो दुरुस्तीला गेलेला निघाला. जुन्या पनवेलमध्ये एका वृद्ध बेने इस्रायली गृहस्थांकडे खरोखरच टीव्ही नव्हता, सर हरखून गेले, आणि दोनच महिन्यांत ते गृहस्थ कायमचे लेकीकडे इस्रायलला निघून गेले. सर त्यांना निरोप द्यायला गेले होते. इतका दुःखी माणूस त्या निरोपाला दुसरा कुणी नसेल.

शेवटी घर सापडलं ते भाजीच्या बाजारात. सर शिराळी घेताना भाजीवाल्या बाईंना विचारत होते, “मावशी, तुमच्याकडे टीव्ही आहे का?” हा प्रश्न ते तेव्हा सगळ्यांनाच विचारायचे. मावशींनी तागडी खाली ठेवून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “नाय. तुमाला इकायचाय का?” मावशी नेऱ्याच्या पुढच्या एका गावात, डोंगराच्या पायथ्याशी एकट्या राहायच्या. साठी ओलांडलेल्या, कणखर, दारासमोर भाजीचे वाफे, मागे दोन बकऱ्या. मुलगा कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवायचा आणि बायकामुलांसह तिकडेच राहायचा. सर त्याच आठवड्यात स्टूल घेऊन हजर झाले. प्रामाणिक माणूस, पहिल्याच दिवशी त्यांनी सगळं स्वच्छ सांगून टाकलं: “मावशी, तुमच्या घरी टीव्ही नाही, म्हणूनच मी येतोय बरं का. दर गुरुवारी येईन.” मावशींनी हे नीट ऐकून घेतलं. किती नीट, ते आम्हाला फार उशिरा समजलं.

त्या घरात टीव्ही येऊ नये म्हणून सरांनी जे जे केलं, ते तटस्थ संशोधनात बसत नव्हतं, हे मलाही कळत होतं. त्यांची झोपच उडाली होती. गावाकडे जाणाऱ्या टेम्पोत मोठं खोकं दिसलं की ते स्कूटर त्याच्यामागे घालायचे. एका गणपतीत गावच्या मंडळानं सोडत ठेवली, पहिलं बक्षीस एकवीस इंची रंगीत टीव्ही, आणि मावशींनी एक तिकीट घेतलं. सरांचा जीव टांगणीला लागला. मावशींची जिंकण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून त्यांनी गावातली उरलेली सगळी तिकिटं स्वतः घेतली. पुढचं सांगायला नकोच. टीव्ही सरांना लागला. पोरांनी त्यांना हार घातला, ताशा वाजवला, आणि सर्वांत जोरात टाळ्या मावशींनी वाजवल्या. आता तो टीव्ही घरी कसा न्यायचा? वहिनी विचारणार, हा कुठून आला, आणि मग सगळंच बाहेर येणार. सर ते खोकं स्कूटरला बांधून भर दुपारी माझ्या दुकानात घेऊन आले. “चार दिवस ठेवा,” म्हणाले. ते चार वर्षं राहिलं. माझ्याकडे जागा कमी होती, मी त्यावर प्रिंटर ठेवला. म्हणजे टीव्हीच्या परिणामावरचा तो प्रबंध अक्षरशः टीव्हीच्या डोक्यावर बसून छापला गेला.

सातवं प्रकरण हळूहळू आकार घेऊ लागलं आणि ते सुंदर होतं. टीव्ही नसलेल्या घरात संवाद जास्त, शेजारच्या बायकांचं येणंजाणं जास्त, हसणं तर दुपटीनं जास्त. सरांचा सिद्धांत सिद्ध होत होता. टाइप करताना मला एक गोष्ट खटकली, की या सगळ्या नोंदी गुरुवारच्या आहेत. पण चौथ्या प्रकरणाच्या वेळी सरांचा पडलेला चेहरा मला आठवला आणि मी गप्प बसले. विद्यापीठाचं पत्रही आलं होतं: ही शेवटची मुदतवाढ, महिनाअखेर प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द. सरांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. आता नाही, तर ती पाटी तशीच राहणार होती. वहिनींनीसुद्धा टोमणे मारायचं बंद केलं होतं, आणि हे लक्षण मला अधिक गंभीर वाटलं.

एका संमतीपत्रावर मावशींची सही राहिली होती. शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी मी सरांबरोबर माझ्या स्कूटीवरून गावाला गेले. तिथे पोचले आणि बघतच राहिले. मावशींच्या ओसरीवर दहा-बारा बायका आधीच येऊन बसल्या होत्या. कुणी वालाच्या शेंगा सोलतंय, कुणाच्या मांडीवर मूल. त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या घरी टीव्ही होता आणि तो त्या बंद करून आल्या होत्या. सरांनी स्टूल मांडलं, वही उघडली. मावशींनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, “हां सर, मंग? त्या मेल्या सासूनं कागूद जालला का नाय?”

आणि सर सांगू लागले. आधी जरा संशोधकासारखं, ‘निरीक्षित कुटुंबांच्या प्रतिक्रियेवरून असं दिसतं’ वगैरे. मग चष्मा कपाळावर गेला, आवाज चढला, आणि बघता बघता तो सहा फुटी प्राध्यापक बोकिलांच्या आजी झाला, त्यांची सून झाला, दाढी करून बसलेले सासरे झाला. मालिका त्यांनी पाहिलेलीच नव्हती. त्यांच्याकडे होते फक्त बघणाऱ्यांचे चेहरे, आणि त्या चेहऱ्यांमधून ते सगळी गोष्ट उभी करत होते. जिथे ठाऊक नव्हतं तिथे बेधडक रचत होते. बायका हसून हसून एकमेकींवर पडत होत्या. मावशी पदरानं डोळे पुसत म्हणत होत्या, “आवो सर, पुरं करा, पोट दुखतंय माजं.” आणि सर मध्येच थांबून वहीत काहीतरी लिहायचे. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं: ‘हसू: अकरा.’

तेवढ्यात मावशींचा मुलगा मोटरसायकलवरून आला. त्यानं सरांना वाकून नमस्कार केला आणि मला बाजूला न घेता, सगळ्यांच्या देखत, अगदी सरळ मनानं विचारलं, “मॅडम, सरांचा अभ्यास कदी संपनार हाय?”

“या महिन्यात. का हो?”

“नाय, आईला टीवी घ्यायचाय. तीनदा आनला मी, तीनदा परत पाठवला तिनं. बोलते, घरात टीवी आला तं सर कशाला येतील?”

मावशी शेंगांच्या टोपलीत बघू लागल्या. मग म्हणाल्या, “मंग काय खोटं बोलले? त्यांनीच सांगितलंता पयल्या दिवशी. टीवी नाय म्हनून येतो. मी काय इसरले नाय.” सरांनी वही मिटली. त्यांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर तसा कधी पाहिला नाही.

परत येताना वाटेत एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. सरांनी कप हातात घेतला. मग म्हणाले, “त्या घरात टीव्ही नव्हता तो माझ्यामुळे. बायका जमत होत्या त्या माझ्यामुळे. हसत होत्या त्याही माझ्यामुळे. मग मी चार वर्षं अभ्यास कशाचा केला?”

मी खरं तेच बोलले. “सर, त्या घरात टीव्ही होता. दर गुरुवारी लागायचा.”

सर हसले नाहीत. मला माझ्या जिभेचा राग आला. म्हणून मी दुसरं टोक गाठलं. म्हटलं, “हे तुम्हाला ठाऊक आणि मला. तिसरं माणूस प्रबंध वाचणार नाही. आहे तसा देऊन टाका, घोडं एकदाचं गंगेत न्हाऊ द्या.” मला तेव्हा खरंच असं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? दहा वर्षं मी ती अक्षरं निवडली होती. पाटीवरची ती दोन बोटं जागा मलाही भरलेली बघायची होती. सरांनी चहा संपवला, कप उलटा करून ठेवला आणि विचारलं, “आपल्याकडे किती दिवस आहेत?” “पाच.” “मग उद्या सकाळी दुकान जरा लवकर उघडाल?”

त्या पाच दिवसांत सरांनी अख्खं सातवं प्रकरण मला तोंडी सांगून नव्यानं लिहवून घेतलं. माझ्या शेजारी त्याच घडीच्या स्टुलावर बसून, डोळे मिटून. त्यात मावशी होत्या, सोडत होती, तीनदा परत गेलेला टीव्ही होता आणि बोकिलांच्या आजींच्या भुवया होत्या. पहिलंच वाक्य होतं: ‘या प्रकरणातील तुलना ग्राह्य धरू नये. कारण ज्या घरास संशोधक माध्यमविरहित समजत होता, त्या घरात माध्यम म्हणून तो स्वतःच चार वर्षे बसलेला होता.’ पुढे शास्त्रीय काहीच उरलं नव्हतं, नुसतं खरं होतं. माणसं टीव्ही बघतात की टीव्हीसमोर बसलेली माणसं बघतात, असं काहीसं त्यांनी विचारलं होतं आणि उत्तर दिलं नव्हतं. शेवटचं पान छापून आलं तेव्हा वहिनी चहा घेऊन खाली आल्या होत्या. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं, सरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हे आधीच लिहायचं होतंत. मी वहीवर दुधाचा हिशेब लिहिला नसता.” मग प्रिंटरखालच्या खोक्याकडे बघून विचारलं, “आणि हा तुमचा टीव्ही अजून किती वर्षं इथे ठेवायचाय?” बाईंना सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं.

प्रबंध शेवटच्या दिवशी, कार्यालय बंद व्हायच्या थोडा वेळ आधी दाखल झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही सहा आसनी रिक्षा केली आणि ते खोकं मावशींच्या घरी पोचवलं. मुलानं छपरावर छत्री बसवली. टीव्ही लागला, बायकांनी टाळ्या वाजवल्या, मावशींनी टीव्हीला हळदकुंकू लावलं. आणि मग सरांना दारापर्यंत सोडायला आल्या, तेव्हा हळूच म्हणाल्या, “म्हंजे आता तुमी येनार नाय.” सर स्कूटर नसताना उगाच खिशात किल्ली शोधत राहिले. “गुरुवारी येतो ना, मावशी,” ते म्हणाले. “अभ्यास संपला, गुरुवार थोडाच संपलाय?”

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिल्या सहा प्रकरणांना मिळून पाच मिनिटं दिली आणि उरलेला तासभर फक्त सातव्याबद्दल विचारलं. रागानं की कौतुकानं, हे सरांना शेवटपर्यंत कळलं नाही, कारण परीक्षकांचा चेहरा त्यांना वाचता आला नाही म्हणे. एवढी मोठी विद्या ऐन वेळी अशी दगा देते. दुरुस्त्या निघाल्या, मी दहाव्यांदा टाइप केलं, आणि काही महिन्यांनी पदवी मिळाली. पाटीवर ‘डॉ.’ आलं. जुनी अक्षरं उन्हानं फिकी झाली होती आणि हे एकटंच पिवळंधमक, त्यामुळे लांबून पाटीवर फक्त ‘डॉ.’ एवढंच लिहिल्यासारखं दिसायचं. निवृत्तीनंतर सर आणि वहिनी चिपळूणला घर बांधून राहायला गेले तेव्हा वहिनींनी ती पाटी स्वतःच्या मांडीवर ठेवून नेली. माझं दुकानही आता नाही. लोक फोनवरच सगळं टाइप करतात आणि कसंही करतात.

पण सरांची आठवण आली की मला दिसतो तो मावशींकडे टीव्ही आल्यानंतरचा पहिला गुरुवार. प्रबंध दिल्याचे पेढे घेऊन आम्ही गेलो होतो. मालिका सुरू होती, ओसरीवरच्या बायका आता आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसल्या होत्या. सरांनी सवयीनं स्टूल उघडलं, टीव्हीच्या बरोब्बर पुढ्यात ठेवलं, त्याच्याकडे पाठ करून बसले आणि खिशातलं पेन काढलं. सगळ्या बायका डावीकडे झुकल्या. मावशी एकदा डावीकडे झुकल्या, एकदा उजवीकडे झुकल्या, आणि मग म्हणाल्या, “सर, जरा बाजूला व्हा ना. दिसत नाय.”

इतक्या वर्षांत, इतक्या घरांत, हे त्यांना कुणीही म्हटलं नव्हतं. सरांनी पेन खिशात ठेवलं. मग उठले. मावशींनी चटईवर आपल्या शेजारी जागा केली होती, हातानं चटई थोपटून त्या म्हणाल्या, “इथं बसा की. उलटं कशाला बसता?” आणि सर बसले, टीव्हीकडे तोंड करून, मांडी घालून. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, “मावशी, ही कोण?”

“आवो, ही त्याची पयली बायको. मेलीवती ना? तुमीच तं बोललावता, ही परत येनार म्हनून!” आणि मग मावशी त्यांना सांगू लागल्या, कोण कुणाचं, कुणाचं कुणाशी वाकडं, हात नाचवत, मध्येच आवाज बदलून. सर मान वर करून ऐकत होते. चटईवर जागा नव्हती म्हणून मी ते स्टूल टीव्हीशेजारच्या भिंतीला लावून त्यावर बसले होते. सर एकदा मोठ्यानं हसले. एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला. मी पर्समधून पेन काढलं आणि पेढ्यांच्या पुड्यावरच्या कागदावर लिहून ठेवलं: हसू एक, चष्मा पुसणे एक. पडद्यावर तेव्हा काय चाललं होतं, ते मला सांगता यायचं नाही. माझी पाठ तिकडे होती.